तेल, पाणी आणि मध्यस्थ

दिवाळीला आठ दिवस उरले की आमच्या घरी उटण्याचा डबा माळ्यावरून खाली येतो. डबा पितळेचा, आईच्या माहेरून आलेला. त्याच्या तळाशी गेल्या वर्षीचे मूठभर उटणे उरलेले असते. आई ते चिमटीत धरून हुंगते, "वास थोडा उडालाय, पण बिघडलेलं नाही," असा निकाल देते, आणि त्यातच नवे मिसळते. कचोरा, नागरमोथा, वाळा, आंबेहळद, चंदन, गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या आणि मसुरीचे पीठ. वर्षभर डब्यात राहून हे सारे बिघडत का नाही, हा प्रश्न मला वयाच्या सेहेचाळीस वर्षांपर्यंत कधी पडला नव्हता. मराठीच्या मास्तराला असले प्रश्न सहसा पडत नाहीत. यंदा तो पडला. त्याचे उत्तर मिळेपर्यंत माझी चांगलीच फजिती झाली. आणि नुसती फजिती झाली असती तर ती हसण्यावारी नेता आली असती.

घरचे औषध

गेल्या दिवाळीनंतर पुण्यात थंडी पडली आणि आईचे पाय कोरडे पडू लागले. तिचे वय चौऱ्याहत्तर; त्यात मधुमेह. नडग्यांवर पांढरी भुकटी साचल्यासारखे दिसे. नखाने रेघ ओढली तर पाटीवर उमटावी तशी उमटे. दिवस कसा तरी जाई, पण रात्री खाज सुटे. दोन-दोन वाजता तिच्या खोलीतून बांगड्यांचा आवाज येई, आणि म्हातारी पुन्हा पाय खाजवीत बसली आहे हे मला कळे.

माझी भाची मुक्ता ठाण्याला एका प्रयोगशाळेत नोकरीला आहे. तिथे ती अंगाला लावायची क्रीमे, लोशने, शांपू यांची सूत्रे बसविते. रसायनशास्त्राची एम.एस्सी. होऊन तिने ही नोकरी धरली, तेव्हा मी भर जेवणाच्या पंगतीत म्हटले होते, "तोंडाला लावायच्या लोण्यासाठी एवढं शिकलीस?" ती हसली होती, पण त्यानंतर तिने आपल्या कामाचा विषय माझ्यापुढे कधी काढला नाही. त्यामुळे आईच्या पायांसाठी तिला विचारावे हे माझ्या मनात आले नाही. आले असेल, तर मी ते येऊ दिले नाही.

औषधांच्या दुकानातून एक बाटली आणली. तिच्या पाठीवरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचली. मिथिलपॅराबेन, फिनॉक्सिइथेनॉल, सेटिअरिल अल्कोहोल! ही नावे वाचूनच माझे मन विटले. असली रसायने आईच्या अंगाला लागू द्यायची नाहीत असे ठरवून मी स्वतःच कामाला लागलो. बदामाचे तेल, मधमाश्यांचे मेण, गुलाबपाणी आणि आमच्या गच्चीतल्या कुंडीतल्या कोरफडीचा गर. मेण तेलात वितळविले, बाकीचे त्यात ओतले आणि मिक्सरमधून फिरविले. काय सांगू, खव्यासारखे पांढरे, मऊ मलम तयार झाले! आईने ते पायाला लावले आणि म्हणाली, "किती गार वाटतं रे!" त्या रात्री मी एखादा ग्रंथ लिहून संपविल्यासारखा झोपलो.

चौथ्या दिवशी डबीच्या कडेने पाण्याचे थेंब सुटलेले दिसले. मी स्वयंपाकघरातला चमचा घेऊन ते ढवळून टाकले. दहा-बारा दिवसांनी आई म्हणाली, "ह्याला जरा वेगळा वास येतोय." मी म्हटले, "येणारच. नैसर्गिक आहे ना!" पुढच्याच आठवड्यात तिच्या डाव्या नडगीवर खाजवून झालेला एक ओरखडा लाल झाला, सुजला आणि त्यात पू धरला.

मधुमेही माणसाच्या पायाची जखम म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी कुणाला मधुमेह आहे त्यांना सांगायला नको. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि विचारले, "पायाला काय लावता, आजी?" आई मोठ्या कौतुकाने म्हणाली, "माझ्या मुलानं घरी केलंय." डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिले, काही बोलले नाहीत, आणि औषधे लिहून दिली. जखम भरायला तीन आठवडे लागले. ती माझ्या मलमाने चिघळली की आपोआप, हे डॉक्टरांनी सांगितले नाही. मी विचारलेही नाही.

त्या रविवारी मुक्ता आजीला पाहायला आली. तिने डबी उघडली, झाकण उजेडात धरले आणि मला दाखविले. झाकणाच्या आतल्या बाजूस मोहरीपेक्षाही बारीक असे काळे ठिपके पडले होते. बुरशी! "मामा, तू ह्याच्यात पाणी घातलंस," ती म्हणाली. "आणि पाण्याची राखण करायला कुणाला ठेवलंच नाहीस."

दूध आणि लोणी

मी माझ्या बचावासाठी तोंड उघडणार होतो. पण मुक्ताने फ्रीजमधून दुधाचे पातेले आणि लोण्याची वाटी काढून माझ्यापुढे ठेवली. "ही दोन क्रीमं बघ," ती म्हणाली.

तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत, हे आपण सारेच जाणतो. बाटलीत घालून कितीही हलवा. हात थांबला की तेल वर, पाणी खाली. मग दुधातले तूप आणि पाणी एकत्र कसे राहते? दुधात स्निग्धांशाचे असंख्य सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात आणि प्रत्येक कणाभोवती एक पातळ वेष्टन असते. हे वेष्टन ज्या रेणूंचे, त्यांची एक बाजू पाण्याकडे ओढ घेते, दुसरी तेलाकडे. दोन भिन्न गोत्रांच्या घराण्यांत सोयरीक जुळवून देणारा मध्यस्थ असावा, तसा हा रेणू. शास्त्रज्ञ त्याला इमल्सिफायर म्हणतात. मी व्याकरण शिकवितो. मला तो उभयान्वयी अव्ययासारखा वाटला. 'आणि' शब्दाला स्वतःचा असा फारसा अर्थ नाही, पण तो काढला की वाक्य दुभंगते.

आता साय विरजून घुसळली की काय होते? तुपाचे कण एकमेकांत मिसळत जातात आणि एका क्षणी सारे उलटते. आता तूप सलग होते आणि पाण्याचे थेंब त्याच्या पोटात अडकतात. बाजारच्या लोण्यात शंभरात साधारण सोळा भाग पाणीच असते. दूध म्हणजे पाण्यात तेल, लोणी म्हणजे तेलात पाणी. जगात अंगाला लावायची जेवढी म्हणून क्रीमे आहेत, ती बहुतेक सारी या दोनपैकी एका कुळातली. बोटाला लागताच विरून जाणारे, धुतले की निघून जाणारे ते दुधाच्या कुळातले; चिकट, जाड, पाण्याला न जुमानणारे ते लोण्याच्या कुळातले.

"मग सोयरीक झाल्यावर घर कुणाचं, हे कोण ठरवतं?" मी विचारले.

"मध्यस्थ ज्याच्या बाजूला झुकेल त्याचं," मुक्ता म्हणाली. हा नियम वाइल्डर बँक्रॉफ्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१३ साली मांडला. मध्यस्थ पाण्यात अधिक विरघळणारा असेल तर पाणी सलग राहते, तेलात अधिक विरघळणारा असेल तर तेल. हा झुकाव मोजायचा कसा, याचे उत्तर १९४९ साली विल्यम ग्रिफिन याने दिले. त्याने प्रत्येक मध्यस्थाला शून्य ते वीसपर्यंत गुण दिले. तीन ते सहा गुणांचा मध्यस्थ लोणी जमवितो, आठाच्या वरचा दूध. एच.एल.बी. या नावाने ही गुणपत्रिका आजही प्रयोगशाळांतून वापरली जाते. तोवर क्रीम बनविणे हा हाताच्या गुणाचा मामला होता. आता त्याला गणित मिळाले.

माझ्या मलमात मेण होते. पण नुसते मेण हा कच्चा मध्यस्थ. चार दिवस त्याने दोन्ही घरे सांभाळली, पाचव्या दिवशी हात टेकले. डबीच्या कडेला आलेले थेंब म्हणजे मोडलेल्या सोयरिकीचे अश्रूच म्हणायचे!

मेण, टाकणखार आणि स्नो

गंमत अशी की माझी कृती मला वाटली तितकी नवी नव्हती. ती अठराशे वर्षांपूर्वीची निघाली. रोमन साम्राज्यातला विख्यात वैद्य गॅलेन याच्या नावावर कोल्ड क्रीमची जी मूळ कृती सांगतात, तिच्यात ऑलिव्हचे तेल, मधमाश्यांचे मेण आणि गुलाबपाणी हेच तीन पदार्थ आहेत. त्यातले पाणी हळूहळू उडून जाते आणि उडताना त्वचेची उष्णता घेऊन जाते, म्हणून ते लावले की गार वाटते. 'कोल्ड' हे नाव त्यावरूनच पडले. "किती गार वाटतं रे" असे आई म्हणाली, तेव्हा तिने नकळत गॅलेनलाच पावती दिली होती.

गॅलेनचे क्रीमही फुटत असे आणि खवट होत असे. पुढे एकोणिसाव्या शतकात कुणाच्या तरी ध्यानात आले की पाण्यात थोडा टाकणखार विरघळवून घातला तर क्रीम फुटत नाही. मेणात काही आम्ले असतात. टाकणखाराशी त्यांचा संयोग झाला की तिथल्या तिथे साबण तयार होतो. आणि साबण हा पक्का मध्यस्थ. वनस्पतितेलाऐवजी खनिज तेल आले आणि खवटपणाही गेला.

दुधाच्या कुळातले क्रीम आले ते स्टिअरिक आम्लाच्या आधाराने. चरबीच्या पोटात काय काय असते याचा शोध फ्रान्सच्या मिशेल शेव्ररल याने लावला आणि १८२३ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. स्टिअरिक आम्ल त्यानेच वेगळे काढले. हा गृहस्थ १०२ वर्षे जगला. त्यात चरबीचा वाटा किती, हे मात्र त्याने लिहून ठेवलेले नाही! हे मेणासारखे आम्ल वितळवून त्यातल्या थोड्या भागाचा क्षाराने साबण करायचा आणि बाकीचे पाण्यात बारीक विखरून ठेवायचे. गार झाल्यावर त्याचे सूक्ष्म स्फटिक होतात आणि क्रीमला मोत्यासारखी झाक येते. चोळले की ते दिसेनासे होते, म्हणून त्याचे नाव पडले व्हॅनिशिंग क्रीम. आपल्याकडे ते 'स्नो' या नावाने घरोघर गेले. १९१९ साली मुंबईत इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी 'अफगाण स्नो' बाजारात आणला. आमच्या आजीच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली, त्याची एक रिकामी बाटली कितीतरी वर्षे होती. त्या बाटलीत रसायनशास्त्राचा एक अख्खा धडा होता हे ना आजीला ठाऊक होते, ना मला.

त्वचेला हवे असते पाणी

"पण मग हे पाण्याचं लचांड हवंच कशाला?" मी विचारले. "नुसतं तेल लावलं तर? अभ्यंगाला आपण तेलच लावतो की."

मुक्ताने त्यावर एक प्रयोग सांगितला. १९५२ साली अमेरिकेत आयर्विन ब्लँक या संशोधकाने माणसाच्या तळव्याच्या घट्ट्यांचे कापलेले तुकडे घेतले. ते वाळवून कडक केले आणि तेलात बुडवून ठेवले. तुकडे कडकच राहिले. पाणी मिळताच मात्र ते मऊ झाले. शतकानुशतकांची आपली समजूत अशी की तेलाने कातडी मऊ होते. ब्लँकने दाखविले की मऊ करते ते पाणी. तेल करते ते एवढेच की आतले पाणी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून अंघोळीनंतर, अंग ओलसर असतानाच तेल अथवा क्रीम लावावे. वाळलेल्या अंगावर तेल थापणे म्हणजे रिकाम्या हंड्यावर झाकण घट्ट बसविणे!

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर साऱ्या अंगावर, तळहात-तळपाय सोडले तर, कागदापेक्षाही पातळ असतो. मृत पेशींचे पंधरा-वीस पापुद्रे, एवढीच त्याची जाडी. या थराची तुलना विटांच्या भिंतीशी करतात. पेशी या विटा, आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्ले. वय झाले की हा चुना कमी होतो. थंडीतली कोरडी हवा, कढत पाणी आणि साबण मिळून उरलेला खरवडतात. मग भिंतीला भेगा पडतात, आतले पाणी उडून जाते आणि खाज सुटते. आईच्या नडग्यांवर उमटणाऱ्या त्या रेघांचा अर्थ हा होता.

यावर क्रीम तीन प्रकारे काम करते. ग्लिसरीनसारखे पदार्थ पाणी धरून ठेवतात, तेले खडबडीत कडा गुळगुळीत करतात, आणि व्हॅसलीनसारखे पदार्थ वरून झाकण घालतात. व्हॅसलीनची कथा तर प्रसिद्धच आहे. अमेरिकेतल्या खनिज तेलाच्या विहिरींवर पंपाला चिकटणारी एक मेणचट राड कामगार भाजल्या-कापल्यावर लावीत. रॉबर्ट चेसब्रो या तरुणाने ती पाहिली, शुद्ध केली आणि १८७२ साली तिचे पेटंट घेतले. आज दीडशे वर्षांनंतरही त्वचेतले पाणी राखण्यात या स्वस्त पदार्थाची बरोबरी करणारे फार थोडे आहेत.

राखणदार

फेब्रुवारीत एका शनिवारी मी मुक्ताची प्रयोगशाळा पाहायला ठाण्याला गेलो. आपण होऊन गेलो, हे सांगितले पाहिजे. पांढरा डगला आणि डोक्याला जाळीची टोपी घातल्याशिवाय त्यांनी मला आत सोडले नाही.

तिथे शेजारी-शेजारी दोन चंचुपात्रे गरम पाण्यात ठेवली होती. एकात तेले, मेण आणि मध्यस्थ. दुसऱ्यात पाणी आणि ग्लिसरीन. दोन्ही पंचाहत्तर अंशांपर्यंत तापली की एकात दुसरे ओतायचे आणि एका यंत्राने मिनिटाला हजारो फेऱ्या देत घुसळायचे. एक पात्र गरम आणि दुसरे गार असेल तर मेणाच्या गुठळ्या होतात. बेसनाच्या लाडवाला पाक चुकावा तसे. मग सावकाश गार करायचे. चाळीस अंशांच्या आसपास आले की सुगंध घालायचा. आधी घातला तर वाफेबरोबर उडून जाईल. शेवटी आम्लता मोजायची. निरोगी त्वचा किंचित आंबट असते, तिचा पी.एच. पाचाच्या आसपास असतो. या 'आम्ल-आवरणा'ची कल्पना शाडे आणि मार्कियोनिनी या जर्मन डॉक्टरांनी १९२८ साली मांडली. अंगाचा साबण नऊ-दहापर्यंत जातो, आणि या मापात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. मुक्ता सायट्रिक आम्लाचे थेंब मोजून टाकीत होती. लिंबू पिळताना आई जशी चव घेते, तशी ती दर थेंबाला यंत्राकडे पाहत होती.

पण मला सर्वांत विलक्षण वाटले ते पलीकडच्या खोलीतले काम. तिथे तयार क्रीममध्ये मुद्दाम जंतू सोडतात! पू करणारे, पोट बिघडविणारे, शिवाय किण्व आणि काळी बुरशी, असे पाच निवडक शत्रू. लाखोंच्या संख्येने ते सोडायचे आणि अठ्ठावीस दिवस नेमाने मोजायचे. ठरलेल्या मुदतीत ते नष्ट झाले तरच क्रीम उत्तीर्ण. नाही तर पहिल्यापासून पुन्हा आरंभ. शेजारच्या कपाटात चाळीस अंशांच्या उष्णतेत तीन-तीन महिने डब्या ठेवलेल्या. फुटतात का, रंग बदलतात का, ते पाहायला. एकेका डबीमागे वर्षभराची तपश्चर्या! आणि मी अर्ध्या तासात मिक्सरमधून मलम काढून आईच्या मधुमेही पायाला लावले होते.

जंतूंना मारणारे हे राखणदार, म्हणजे डबीवर वाचून मी नाक मुरडले होते तेच मिथिलपॅराबेन आणि तेच फिनॉक्सिइथेनॉल. पॅराबेनांची कथा तर ऐकण्यासारखी आहे. शतकाच्या सुमारास ती वापरात आहेत. २००४ साली ब्रिटनमधल्या एका संशोधनात स्तनाच्या कर्करोगाच्या वीस गाठींत त्यांचे अंश सापडले. निरोगी ऊतींशी तुलना केलेली नव्हती, आणि त्या अंशांमुळे रोग झाला असे संशोधकांनीही म्हटले नव्हते. पण बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि 'पॅराबेनमुक्त' हा मंत्र झाला. युरोपने २०१४ साली पाच पॅराबेनांवर बंदी घातली. मिथिल आणि इथिल मात्र शंभरात ०.४ भागापर्यंत चालतील असे ठरविले. दरम्यान पुष्कळ कारखान्यांनी दुसरा राखणदार शोधला होता, मिथिलआयसोथायाझोलिनोन. या नव्या राखणदाराने जंतू मारले खरे. पण त्याने असंख्य लोकांच्या अंगावर पुरळ उठविले. अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या एका संस्थेने २०१३ साली त्याला 'वर्षातला ॲलर्जीकारक पदार्थ' ठरविले, आणि अंगावर तसेच राहणाऱ्या क्रीम-लोशनांत युरोपने २०१७ पासून त्याला मनाई केली. त्याच अमेरिकन संस्थेने २०१९ साली पॅराबेनांना 'वर्षातला ॲलर्जी न करणारा पदार्थ' म्हणून घोषित केले! ओळखीच्या रखवालदाराला अफवेवरून काढून टाकावे आणि अनोळखी माणसाच्या हाती किल्ल्या द्याव्यात, तशातला हा प्रकार.

डबीवरचे व्याकरण

परतीच्या गाडीत मी 'रसायन' या शब्दाचा विचार करीत बसलो. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एकाचे नाव रसायनतंत्र. म्हातारपण लांबविणारे ते रसायन. च्यवनप्राश हे रसायनच. त्याच शब्दाची आज आपण शिवी केली, आणि ती करणाऱ्यांत मी, मराठीचा अध्यापक, पुढे होतो! पाणी हेही रसायन, आणि कोरफडीच्या गरात तर रसायनांची जत्रा भरलेली असते. विचारायचा प्रश्न रसायन आहे की नाही हा नव्हेच. कोणते, किती, आणि कशासाठी, हे विचारायचे.

आणि हे विचारायची सोय डबीवरच केलेली असते. मुक्ताने मला ती वाचायला शिकविले. घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असतात. ज्याचे वजन जास्त त्याचे नाव आधी. शंभरात एक भाग किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. बहुतेक क्रीमांत पहिला घटक पाणीच असतो. घरी येऊन मी पत्नीची एक महागडी डबी तपासली. चित्रात केशराचे झुबके. यादीत मात्र केशर राखणदाराच्याही खाली, जवळजवळ शेवटी. वाक्यात जसा मान कर्त्याला, तसा डबीत पहिल्या पाच-सहा घटकांना. ते वाचावे, झाकणावरची विशेषणे सोडून द्यावीत. विशेषणांचा मोह धरू नये, हे मी विद्यार्थ्यांना वीस वर्षे सांगत आलो आहे.

आईसाठी मुक्ताने काही खास बनवून दिले नाही. "आजीच्या पायाला काय लावायचं ते डॉक्टरांनाच विचार," ती म्हणाली. डॉक्टरांनी एक साधे, बिनवासाचे, ग्लिसरीन आणि पॅराफिन असलेले क्रीम लिहून दिले. त्याची किंमत माझ्या बदामाच्या तेलापेक्षा कमी होती. पाणी कोमट घ्या, नडग्यांना साबण लावू नका आणि अंग टिपल्याबरोबर क्रीम लावा, एवढेच पथ्य. आठ-दहा दिवसांनी एका रात्री मला दोन वाजता जाग आली. सवयीने मी कानोसा घेतला. बांगड्या वाजत नव्हत्या.

उटण्याचा डबा

आता यंदाची दिवाळी. परवा उटण्याचा डबा खाली आला. आईने चिमूट हुंगली आणि नेहमीचा निकाल दिला: "बिघडलेलं नाही." मुक्ता आलेलीच होती. मी तिला विचारले, "ह्याच्यात राखणदार नाही, मग हे कसं टिकतं?"

"तूच सांग," ती म्हणाली.

मी विचार केला, आणि उत्तर माझ्या आईच्या स्वयंपाकघरातच सापडले. पापड टिकतो, कारण त्यात पाणी नाही. लोणचे टिकते, कारण मीठ पाण्याला बांधून ठेवते आणि वर तेलाचा थर असतो. मुरांबा टिकतो साखरेमुळे. ओल्या खोबऱ्याची चटणी मात्र संध्याकाळपर्यंत आंबते. जिथे मोकळे पाणी, तिथे जीव. मग तो आपल्याला हवा असो वा नसो. उटणे कोरडे, म्हणून निर्धास्त. पाणी त्यात पडते ते पहाटे, वाटीत कालवताना. आणि तासाभरात सारे मोरीत वाहून जाते. आमच्या आज्या-पणज्यांना जंतू दिसले नव्हते, पण कोरडा चमचा आणि ओला चमचा यांतला फरक त्यांना पक्का ठाऊक होता. तो विसरलो मी, शिकला-सवरलेला.

"पास!" मुक्ता म्हणाली.

आई आमचे बोलणे ऐकत होती. तिने डब्यातले उटणे नीट दाबून बसविले, कोरड्या फडक्याने कडा पुसल्या आणि झाकण लावता लावता म्हणाली, "एवढं शिकायला तुला ठाण्याला जावं लागलं होय रे? मी रोज ओरडत होतेच की, डब्यात ओला चमचा घालू नका म्हणून."

मुक्ता हसत सुटली. मीही हसलो. मग पंगतीतले ते जुने वाक्य आठवले, आणि जे वर्षभर राहून गेले होते ते बोलून टाकले. "मुक्ते, तुझ्या लोण्याला मी नावं ठेवली होती. चुकलं माझं."

"राहू दे, मामा," ती म्हणाली. "आधी आजीच्या पायाला क्रीम लाव. अंघोळ होऊन पाच मिनिटं झालीत, पाय वाळतील."